कासव पाळण्यापूर्वी

महाराष्ट्रातील पुष्कळ शिवालयांत नंदीजवळच्या फरशीत दगडी कासव कोरलेले असते. त्यामुळे कासव सर्वांच्याच परिचयाचे आहे; परंतु जिवंत कासव घरी आणावयाचे म्हटले की हा परिचय फारसा कामी येत नाही. मराठीत जमिनीवर वावरणारे आणि पाण्यात राहणारे या दोघांनाही कासव हा एकच शब्द आहे, आणि नवशिक्याची पहिली चूक येथेच होते.

पाय पाहावेत. भूकासवाचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबवजा आणि पाठ बहुधा घुमटाकार असते. पाणकासवाच्या बोटांमध्ये पडदे असतात व पाठ चपटी असते. भूकासव खोल पाण्यात सोडले तर बुडून मरते. उलट बहुतेक पाणकासवांना घास पाण्यातच गिळता येतो.

दुकानांत रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवे, डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले पिल्लू सर्रास विकले जाते. ते अमेरिकेतील मिसिसिपीच्या खोऱ्यातले 'रेड-इअर्ड स्लायडर' हे पाणकासव होय. पुढे त्याची मादी सुमारे 28 सेंटिमीटरपर्यंत वाढते, काचेची पेटी अपुरी पडते, आणि मग कंटाळलेला मालक ते गावच्या तळ्यात सोडून देतो. तेथे ते देशी कासवांच्या अन्नात वाटेकरी होते. युरोपीय संघाने याची आयात 1997 साली बंद केली. खुद्द अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीला 1975 पासून बंदी आहे; कारण लहान मुले ती हाताळतात, तोंडाला लावतात आणि साल्मोनेला जंतूंनी आजारी पडतात. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुणे म्हणूनच आवश्यक.

सर्वांत मोह पडतो तो चांदणी कासवाचा. काळसर कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले हे भूकासव गुजरात, राजस्थान, आंध्र, तामिळनाडू आणि श्रीलंकेत आढळते. घरात कासव आले की लक्ष्मी येते, या समजुतीपायी ते चोरून विकले जाते. बिचाऱ्या कासवाला मात्र या लक्ष्मीचा काहीच लाभ नाही! 2019 साली त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्यात आला, आणि 2022 च्या दुरुस्तीने भारतीय वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश झाला. ते बाळगल्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. कोणी प्रेमाने भेट दिले तरी स्वीकारू नये. वाटेत सापडले तर वनखात्याला कळवावे.

मग उरतात परदेशी भूकासवे. त्यांची पिल्ले दिसावयास सारखीच गोजिरवाणी, पण पुढचा प्रकार निराळा. आफ्रिकेतील साहेल प्रदेशाचे सुल्काटा तळहातावर मावते म्हणून आणावे, तर मोठा नर 40-50 किलोंच्याही पुढे जातो आणि अंगणात भुयारे खणतो. भूमध्य समुद्राकाठचे हर्मन कासव लहानखुरे, बहुधा 20 सेंटिमीटरच्या आतबाहेर. परंतु त्याला कोरडी हवा व थंडीतील दीर्घ झोप मानवते. गोव्याच्या पावसाळ्यात ते सुखी राहील अशी अपेक्षा धरू नये. कोणतेही परदेशी भूकासव घ्यावयाचे तर ते पाळीव जोडप्याचेच आहे याची कागदपत्रे हवीत, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे शासनाच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंदणीही हवी. कागद दाखवण्यास जो दुकानदार कुरकुर करतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नये.

भूकासवाला दूधभात, पोळी देणे ही माया नव्हे. गवत, तुतीचा पाला, जास्वंदीची पाने-फुले हा त्याचा आहार. त्यात चुना कमी पडला किंवा ऊन मिळाले नाही तर कवच मऊ व वेडेवाकडे होते. खिडकीच्या बंद काचेतून आलेले ऊन या कामी चालत नाही, कारण आवश्यक ते अतिनील किरण साधी काच अडवते.

राहता राहिला आयुष्याचा प्रश्न. 1882 साली सेंट हेलिना बेटावर पूर्ण वाढलेल्या स्थितीत आणलेले जोनाथन कासव एकविसाव्या शतकातही तेथील हिरवळीवर चरत राहिले. इंग्लंडमध्ये निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांच्या आत्याने टिमथी नावाचे कासव सुमारे 40 वर्षे सांभाळले. 1780 साली ती वारल्यावर ते भाच्याकडे आले, आणि 1793 साली भाचाही गेला तरी टिमथी जिवंतच होता. तेव्हा आपल्यामागे कासवाला कोण पाहील, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवावे. नाव ठेवण्याची मात्र घाई नको, कारण पिल्लू नर की मादी हे वरून ओळखता येत नाही. टिमथीचे कवच लंडनच्या संग्रहालयात आहे. ते तपासल्यावर कळले, की ती मादी होती.