गल्ल्यातले पैसे झोपतात, बँकेतले फिरतात!

तुझ्याकडे मातीचा गल्ला आहे? हलवून बघ. खुळखुळ! आता तो वर्षभराने फोडलास तर किती पैसे निघतील? जेवढे टाकलेस तेवढेच! एक रुपयाही जास्त नाही. झोपाळू कुठले!

आता गंमत ऐक. तू बँकेत शंभर रुपये ठेवलेस ना, ते तुझ्या नावाची चिठ्ठी लावून तिजोरीत ठेवलेले नसतात! मग जातात कुठे? कामाला!

समज, वर्गातल्या वीस जणांकडे दहा-दहा रुपये आहेत. दहा रुपयांत बॅट येते? छे! पण मॉनिटरने सगळ्यांचे गोळा केले, वहीत नावं लिहिली, की झाले दोनशे! बँक म्हणजे असाच वहीवाला मॉनिटर. खूप जणांचे थोडे थोडे पैसे जमवून ती एखाद्या काकूंना शेळीसाठी कर्ज देते. शेळीला करडं होतात, दूध मिळतं, चारा विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं. काकू कर्ज फेडतात, वर व्याजही देतात. त्यातलं थोडं तुला! आणि गावात दूध वाढलं ते वेगळंच.

तुला शंभर रुपये मध्येच हवे झाले तर? सगळे जण एकाच दिवशी पैसे मागायला येत नाहीत, म्हणून बँक थोडेच हाताशी ठेवते. हुशार!

पण रोजचे दहा-वीस रुपये साठवणाऱ्यांना बँका दारात उभं करत नसतील तर? साताऱ्याच्या म्हसवड गावात तसंच झालं. रस्त्यावर लोखंडी अवजारं बनवणाऱ्या एका बाईंना पावसाळ्यासाठी प्लास्टिकचा कागद घ्यायला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. पण एवढ्याशा पैशांसाठी खातं कोण उघडणार? मग गावातल्या चेतना सिन्हा आणि इतर बायकांनी ठरवलं, आपलीच बँक काढू!

बँक काढायला परवानगी देणारी रिझर्व्ह बँक म्हणाली, नाही. अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते ना! बायका लिहायला-वाचायला शिकू लागल्या आणि पुन्हा गेल्या. म्हणाल्या, आम्हाला व्याजाचं गणित घाला. तुमच्या साहेबांनाही घाला, पण कॅल्क्युलेटरशिवाय! बघू कोण आधी सोडवतं!

1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पण मजुरी बुडवून बँकेत यायला बायकांना वेळ कुठे? मग काय, बँकच त्यांच्या दारी जाऊ लागली!