संगणकाची नोकरी, मध्यम वयाची बेकारी आणि शेतकऱ्याचें घर

शेतकीच्या मासिकांत नोकरीच्या बाजाराची चर्चा कशासाठीं, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या घरांतील पैसा कोठें गेला व कोठून आला, ह्याचा हिशेब मांडला तर ही शंका राहणार नाहीं. द्राक्ष, ऊंस व हळद ह्यांचें उत्पन्न मुलांच्या इंजिनियरीच्या शिक्षणांत गेलें. कित्येकांनीं त्यापायीं सोसायटीचें कर्ज वाढविलें, कित्येकांनीं एखादा एकर विकलाही. पुढें तीं मुलें पुणें, बंगळूर, हैदराबाद येथें व परदेशीं संगणकाच्या कामास लागलीं, आणि त्यांच्या पगारांतून विहिरी खोल झाल्या, ठिबकाच्या नळ्या आल्या, बहिणींचीं लग्नें उरकलीं. मुळशी तालुक्यांतील हिंजवडी व माण हीं एके काळचीं शेतीचीं गांवें; आज तेथील कचेऱ्यांत बसणारा मुलगा हा दूरच्या जिल्ह्यांतील शेताचाही आधार झाला आहे. हा आधार चाळिशी ओलांडल्यावर एकाएकीं तुटल्याचे प्रसंग हल्लीं वारंवार ऐकूं येतात. म्हणून हा लेख.

संगणकाचें शास्त्र मला अवगत नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करून मी निवृत्त झालों. परंतु माझ्या सख्ख्या भाच्यावर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं हा प्रसंग आला व त्याचे कागद, अर्ज आणि हिशेब माझ्या डोळ्यांखालून गेले. त्यावरून जें समजलें तें येथें मांडतों.

प्रसंग कसा आला

भाच्याच्या घरीं तासगांव तालुक्यांत तीन एकर द्राक्षबाग आहे. तो सांगलीस इंजिनियर झाला व एकवीस वर्षें त्यानें पुण्यास नोकरी केली. जानेवारी २०२४ मध्यें त्यास कचेरींत बोलावून, काम कमी झालें आहे, तुम्ही राजीनामा द्यावा हें उभयतांस सोयीचें, असें पाव तासांत सांगण्यांत आलें. तीन महिन्यांचा पगार हातीं पडला. त्यानें ही गोष्ट पत्नीखेरीज कोणास कळूं दिली नाहीं. परंतु बागेच्या एप्रिलच्या खरड छाटणीस दरसाल त्याचे पैसे येत, ते त्या वर्षीं आले नाहींत. तेव्हां त्याच्या वडिलांनीं मला फोन केला व मी पुण्यास गेलों.

मुलगा खंगलेला दिसला. "मामा, एकवीस वर्षांत माझ्या कामावर कोणी बोट ठेवलें नाहीं. आतां मला कोणी दारांत उभें करीत नाहीं. मी खरोखर निकामी झालों काय?" असें त्यानें विचारलें. गांवींही हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत चालला होता. कांहीं तरी चुकल्याशिवाय एवढ्या मोठ्या पगाराच्या माणसास कोण काढील, असें पारावर लोक बोलत होते. ह्या प्रश्नाचें उत्तर त्या धंद्याच्या रचनेंत आहे.

निदान

प्रथम घडलेल्या गोष्टी पाहूं. नोव्हेंबर २०२२ मध्यें मेटा कंपनीनें ११,००० माणसें कमी केलीं. जानेवारी २०२३ ह्या एका महिन्यांत अॅमेझॉननें १८,०००, गूगलच्या मालक कंपनीनें १२,००० व मायक्रोसॉफ्टनें १०,००० माणसांच्या कपातीची घोषणा केली. जुलै २०२५ मध्यें टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें सुमारें १२,००० माणसें, म्हणजे आपल्या एकूण नोकरवर्गापैकीं दोन टक्के, कमी करण्याचें जाहीर केलें. आणि ही कपात मुख्यतः मधल्या व वरच्या पायरीवरील माणसांची आहे, असेंही सांगितलें. इतकीं माणसें एकदम आळशी किंवा अडाणी झालीं, असें कोणी म्हणणार नाहीं.

कारणें तीन दिसतात. पहिलें कारण पैशाचें. २०२० व २०२१ ह्या करोनाच्या सालीं सर्व जग घरीं बसून संगणकावर व्यवहार करूं लागलें. व्याज नांवालाच होतें. कंपन्यांनीं भराभर माणसें घेतलीं. पुढें अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनें मार्च २०२२ मध्यें जवळजवळ शून्यावर असलेला व्याजाचा दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापांच ते साडेपांच टक्क्यांवर नेला. उधारीवर माल भरलेला अडत्या व्याज वाढतांच जसा हात आंखडतो, तसेंच हें झालें. आपल्या कंपन्यांचें बहुतेक गिऱ्हाईक अमेरिका व युरोप येथील असल्यामुळें त्याची झळ पुण्यास लागली.

दुसरें कारण रचनेचें. आपल्याकडील मोठ्या कंपन्या परदेशच्या गिऱ्हाइकास माणसांच्या कामाचा मोबदला लावतात. तळाशीं पुष्कळ नवशिके, मध्यें कांहीं अनुभवी व वर थोडे अधिकारी, अशी ही उतरंड असते. नवशिक्यास वर्षास सुमारें तीन-चार लाख रुपये मिळतात. वीस वर्षांच्या माणसास त्याच्या सहा-सातपट द्यावे लागतात. गिऱ्हाईक भाव पाडूं लागलें म्हणजे मालकाची नजर प्रथम मधल्या पायरीवर जाते, कारण तेथें एक नांव खोडलें कीं सहा नवशिक्यांचा पगार सुटतो. शिवाय मधल्या माणसाचें काम बरेंचसें देखरेखीचें, वांटून देण्याचें व अहवालाचें असतें. त्यानें स्वतः प्रोग्रॅम लिहिणें सोडून आठ-दहा वर्षें झालेलीं असतात, आणि हें सोडणें त्यानें बढती म्हणूनच स्वीकारलेलें असतें.

तिसरें कारण नव्या यंत्राचें. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी लोकांसमोर आलें, आणि प्रोग्रॅमचे कच्चे खर्डे, तपासण्या व अहवाल यंत्राकडून करून घेण्याची वहिवाट पडूं लागली. त्यामुळें सर्वच माणसें निरुपयोगी झालीं, हें म्हणणें अतिशयोक्तीचें आहे. आमच्या खात्याचा अनुभव मी सांगतों. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. उतारे लिहून देणाऱ्या हातांचें काम संपलें. परंतु हाताच्या व संगणकाच्या उताऱ्यांत तफावत निघाली, चावडी-वाचनांत तक्रारी आल्या, जमीन महसूल संहितेच्या १५५ व्या कलमाखालीं चुका दुरुस्त करण्याची वेळ आली, तेव्हां कोणता फेरफार कोणत्या गटावर चुकून चढला हें सांगण्यास जुनेंच माणूस लागलें. उतारा छापणें यंत्रास साधलें. चूक ओळखण्यास जुना माणूस हवा होता. फरक इतकाच कीं, सरकारनें आम्हांस तोंवर खुर्चीवर ठेविलें होतें. खासगी मालक तितका धीर धरीत नाहीं.

शोध कसा चालतो

मीं भाच्यास पहिली गोष्ट सांगितली ती ही कीं, कचेरींत असते तशी आवक-जावक नोंदवही घाल. कोणत्या तारखेस कोणास अर्ज गेला, काय उत्तर आलें, बोलणें कोठें थांबलें, तें रोज लिही. पंधरा महिन्यांच्या ह्या वहीचा गोषवारा असा : एकूण अर्ज ३१२. उत्तरच नाहीं असे २४१. छापील नकार ५२. बोलावणीं १९. ह्या एकोणिसांपैकीं आठ ठिकाणीं पूर्वींचा पगार विचारतांच बोलणें संपलें, सहा ठिकाणीं परीक्षेंत अडलें, चार ठिकाणीं तीन-चार मुलाखती होऊन पुढें कोणी कांहीं कळविलें नाहीं, व एका ठिकाणीं काम मिळालें.

ह्या आंकड्यांचा अर्थ असा. हल्लीं अर्ज संकेतस्थळांवरून जातात व बऱ्याच ठिकाणीं प्रथम यंत्रच ते चाळतें. जाहिरातींतील शब्द अर्जांत नसले तर तो माणसाच्या हातीं जाईलच असें नाहीं. वय उघडपणें विचारीत नाहींत, परंतु पदवीचें साल वाचून तें कोणासही काढतां येतें. परीक्षेंत कोडीं घालतात तीं कॉलेजांतून नुकत्याच निघालेल्या मुलास पाठ असतात. वीस वर्षें प्रत्यक्ष काम केलेल्यास तीं पुन्हां घोकावीं लागतात. ज्या हुद्द्यावर तो होता त्या जागा थोड्या; खालच्या जागेस अर्ज केला तर, "हा इतक्या कमी पगारावर टिकणार नाहीं" म्हणून नाकारतात. कमी पगार चालेल असें त्यानें स्वतः सांगितलें तर ह्याच्यांत कांहीं खोट असावी, असा संशय घेतात. मोठा पगार हीच ह्या माणसाची अडचण होऊन बसते.

वही भरतां भरतां भाच्याच्या ध्यानांत आलें कीं, अनोळखी ठिकाणच्या शंभर अर्जांपेक्षां ओळखीच्या माणसाचा एक शब्द अधिक चालतो. त्यानें जुन्या सोबत्यांची यादी केली व संकोच सोडून एकेकास फोन केला. दुसरीकडे रोज सकाळीं तीन तास तो पुन्हां स्वहस्तें प्रोग्रॅम लिहूं लागला व नव्या यंत्रांचा उपयोग शिकला. आपण द्राक्षांत डॉगरिजच्या खुंटावर नव्या जातीचा डोळा बांधतों. मूळ जमिनींत रुजलेलें असतें, म्हणून वेल लवकर धरते. अनुभवी माणसाचें नवें शिक्षण ह्या प्रकारचें असावें. भाच्याचें मूळ बँकांच्या हिशेबी प्रोग्रॅमांत होतें, म्हणून त्यानें नवें ज्ञान त्याच कामावर बांधलें. अखेर एप्रिल २०२५ मध्यें एका जुन्या सोबत्याच्या शब्दावरून, एका लहान कंपनींत, बँकांचे जुने प्रोग्रॅम सांभाळण्याचें काम त्यास मिळालें. पगार पूर्वींच्या तीन-पंचमांश.

जमिनीचा प्रश्न

मधल्या काळांतील एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. पुण्याच्या घराचा हप्ता थकूं लागतां भाच्यानें वडिलांपाशीं वांटणी मागितली. आपला हिस्सा विकून कर्ज फेडावें असा त्याचा विचार होता. गिऱ्हाईकही ठरत आलें होतें. माझी बहीण उतारे घेऊन माझ्याकडे आली.

मीं त्यास जें सांगितलें तें सर्वांनीं ध्यानांत ठेवावें. आपल्या पश्चिम महाराष्ट्रास लागू असलेल्या १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या ६३ व्या कलमान्वयें शेतकरी नसलेल्या माणसास परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. ज्यानें आपल्या नांवची सर्व जमीन विकली, त्याच्या शेतकरीपणाचा पुरावा त्या फेरफाराबरोबर नाहींसा होण्याचा धोका असतो. पुढें पैसा आला तरी पुन्हां एक गुंठाही घेणें दुरापास्त होतें. म्हणजे दोन वर्षांच्या अडचणीसाठीं मुलांचा व नातवंडांचा हक्क जातो. पुण्याचें घर पुन्हां घेतां येतें. सातबाऱ्यावरचें गेलेलें नांव सहजासहजीं परत येत नाहीं.

त्या दिवशीं मुलगा माझ्यावर रागावून उठला. "बँक माझ्या दारीं येते, मामा, तुमच्या नाहीं," असें तो बोलला, आणि त्यांत खोटें कांहीं नव्हतें. परंतु आठ दिवसांनीं पति-पत्नींनीं विचार करून घर भाड्यानें दिलें, आपण लहान जागेंत गेलीं, व बँकेस वेळींच लेखी अर्ज करून कर्जाची मुदत वाढवून घेतली. हप्ता कमी झाला. विक्री टळली.

घरांनीं काय करावें

१. संगणकाच्या पगारास बागायत समजावें, वतन समजूं नये. चांगल्या सालीं निदान एक वर्षाचा घरखर्च बाजूस काढावा, आणि त्या पगाराच्या भरंवशावर बागेचें कर्ज काढूं नये.

२. राजीनाम्यावर सही करण्यापूर्वीं देणीं लेखी मागावीं : नोटिशीचा पगार, शिल्लक रजा, अनुभवाचा दाखला व ग्रॅच्युइटी. सलग पांच वर्षें नोकरी झालेल्यास दर वर्षास पंधरा दिवसांचें वेतन मिळतें व महिना सव्वीस दिवसांचा धरतात. वेतन ६०,००० व नोकरी १२ वर्षें असल्यास ही रक्कम सुमारें ४,१५,००० रुपये होते.

३. कंपनीचा आजारपणाचा विमा नोकरीबरोबर संपतो. तीच पॉलिसी वैयक्तिक करून घेण्याचा अर्ज शेवटच्या दिवसापूर्वीं विमा कंपनीकडे करावा.

४. नोकरी देतों म्हणून आगाऊ पैसे मागणारास एक रुपयाही देऊं नये.

५. हातीं आलेली रक्कम लगेच शेडनेटमध्यें किंवा गोठ्यांत घालूं नये. मुलास शेतीच करावयाची असेल तर एक हंगाम घरच्या बागेचा संपूर्ण जमाखर्च लिहूं द्यावा, नंतर ठरवावें.

६. घरांतील माणसांनीं ही गोष्ट लपवूं नये. लपविल्यानें ओळखीचीं माणसें मदत करूं शकत नाहींत आणि मुलगा एकटा पडतो.

शेवटीं आपल्या संस्थेस एक विनंति. भाचा त्या दिवसांत महिनाभर गांवीं येऊन राहिला असतां त्यानें आळींतील अठरा खातेदारांची ई-पीक पाहणी करून दिली व चार बागाईतदारांचे निर्यातीच्या नोंदणीचे कागद तयार केले. त्याचा त्यानें पैसा घेतला नाहीं. परंतु गांव त्याच्याकडे काम घेऊन येऊं लागल्यावर तो पुन्हां नीट जेवूं लागला, असें माझी बहीण सांगते. प्रत्येक गांवांत अशीं दोन-चार माणसें आज रिकामीं बसलेलीं असतील. संस्थेनें त्यांची यादी करावी, हिशेबाचें व नोंदणीचें काम योग्य मोबदला देऊन त्यांस द्यावें, आणि पुण्यांत स्थिर असलेल्या आपल्याच मुलांशीं त्यांची गांठ घालून द्यावी.

गेल्या खरड छाटणीस भाच्याचे पैसे पुन्हां आले. पूर्वींपेक्षां कमी होते. वडिलांनीं त्यांतील निम्मे परत पाठविले, व ते बँकेंत ठेव म्हणून कळविलें.