आबांचं विमान टेक-ऑफच घेईना!

फ्लाइट सिम्युलेटर सुरू करावा, लोगो झळकावा आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा डेस्कटॉप! अशा वेळी करायचं काय? पुणे ते कोपरगाव व्हाया फोन, तीन रात्री चाललेल्या एका दुरुस्तीची ही गोष्ट. आणि हो, शेवटी कामाची चौकटही आहे.

रात्रीचे साडेनऊ. एक लेख कसाबसा मेल केला आणि मॅगीचं पातेलं गॅसवर ठेवलं, तेवढ्यात फोन वाजला. आबा. आमचे आबा कधी स्वतःहून फोन करत नाहीत. पोटात गोळाच आला.

‘अगं, विमान सुरूच होईना.’

जीव भांड्यात पडला! पण पूर्ण नाही. कारण हे विमान आमच्या घरात साधं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. नगर जिल्ह्याचं आणि एसटीचं नातं तसंही जुनं. राज्यातली पहिली एसटी धावली ती पुणे ते अहमदनगर, 1 जून 1948 रोजी. (2024 पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण एसटीवाल्यांच्या तोंडी अजून ‘नगर’च.) आबांचं सगळं आयुष्य त्या स्टेअरिंगमागे गेलं. रिटायर झाल्यावरही गावातल्या कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची जीप, कुणाचा टेम्पो चालूच होता. मग बायपास झाली. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलं आणि त्याच्याबरोबर आबांचं बोलणंही बंद झालं. खाटेवर बसायचं आणि रस्त्याकडे बघायचं. बास.

त्यांना त्यातून बाहेर काढलं माझ्या धाकट्या चुलतभावाने. इंजिनीअरिंगला आहे. त्याने आपल्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर टाकला, सेकंडहँड जॉयस्टिक आणली आणि एका दुपारी आबांना खुर्चीत बसवलं. आबांचा पहिला प्रश्न : ‘याला क्लच कुठंय?’

दोन महिन्यांत आबा सफाईने लँडिंग करायला लागले. तेही कुठे, तर शिर्डीला! शिर्डीचा विमानतळ आमच्याच कोपरगाव तालुक्यात, काकडी गावात आहे. 1 ऑक्टोबर 2017 रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा धावपट्टी होती 2,500 मीटरची. ज्या मुलखातून आबांनी उभी हयात गाडी हाकली, तोच आता ते वरून बघत होते. गोदावरी कुठून वळते, नगर-मनमाड रोड कुठे जातो, सगळं मला फोनवर सांगायचे. चक्क सांगायचे!

आणि आता ते विमान सुरूच होत नव्हतं.

पेटीच्या भात्यावर उडालेलं विमान

जरा फ्लॅशबॅक. सिम्युलेटर म्हणजे पोरांचा गेम, असं वाटत असेल तर बॉस, थांबा. अमेरिकेतल्या एडविन लिंक या गृहस्थांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. लिंक यांनी 1929 मध्ये ऑर्गनमधलेच भाते आणि हवेचे पंप वापरून एक डुलणारं, झुकणारं खोटं विमान तयार केलं. आपल्या बाजाच्या पेटीला असतो, त्याच जातकुळीचा भाता! सुरुवातीला ते जत्रेतली करमणूक म्हणून खपलं. मग 1934 मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचं काम आलं, खराब हवामानात वैमानिक मरू लागले आणि लष्कराने सहा ‘लिंक ट्रेनर’ विकत घेतले. काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर विसंबून विमान कसं चालवायचं, हे त्यात बसून शिकता येत होतं.

घरगुती कॉम्प्युटरवर हा प्रकार रुळला तो ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मुळे. त्याची पहिली आवृत्ती 1982 ची. आणि इथे एक गंमत आहे. ऐंशीच्या दशकात आयबीएमसारखे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांचा पेव फुटला होता. एखादा कॉम्प्युटर खरंच ‘आयबीएम कॉम्पॅटिबल’ आहे का, हे बघायला लोक त्यावर हा सिम्युलेटर चालवून बघत. चालला तर पास, क्रॅश झाला तर नापास! म्हणजे सुरू होताना कोसळणं ही आजची गोष्ट नाही, ही तर खानदानी परंपरा आहे.

कारण उघड आहे. सिम्युलेटर हा कॉम्प्युटरकडून एकाच वेळी सगळं मागतो. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मेमरी, डिस्क, इंटरनेट, वर जोडलेली जॉयस्टिक. यातलं एक जरी रुसलं, की खेळ खल्लास. 19 नोव्हेंबर 2024 रोजी ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2024’ बाजारात आला, तेव्हा तर पहिल्याच दिवशी सर्व्हरवर इतका ताण आला की जगभरचे लोक लोडिंगच्या पडद्याकडे बघत बसले. तेव्हा आमच्या आबांनी एकट्याने वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं.

रात्र पहिली : ‘जुना तर झालोच’

चुलतभावाची परीक्षा सुरू होती, तो हॉस्टेलवर. म्हणजे मेकॅनिक मीच. माझं क्वालिफिकेशन? मास कम्युनिकेशन. पण आबांना काय सांगणार! व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन मॉनिटरसमोर लोटीला टेकवून ठेवला.

आधी सोपं सोपं. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. तेच. डिस्कवर जागा आहे का बघितलं. भरपूर. मग मी म्हटलं, ‘आबा, ड्रायव्हर जुना झालाय का ते बघावं लागेल.’

पलीकडे शांतता. मग, ‘जुना तर झालोच.’

मला हसावं की रडावं कळेना. ग्राफिक्स कार्डला कामाला लावणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ‘ड्रायव्हर’च म्हणतात, हे समजावलं. तो जुना असेल तर नव्या सिम्युलेटरशी त्याचं जमत नाही, म्हणून कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून नवा उतरवून घेतला. पाऊण तास गेला. आबांनी आयकॉनवर क्लिक केलं. लोगो आला... आणि गेला.

‘राहू दे,’ आबा म्हणाले. ‘झोप तू.’

तो ‘राहू दे’चा सूर मला ओळखीचा होता. बायपासनंतरचे चार महिने त्याच सुरात गेले होते.

रात्र दुसरी : एका वेळी एकच नट

दुसऱ्या दिवशी मी तयारीने बसले. सिम्युलेटर वापरणारे लोक त्यात वरून आणखी काय काय टाकतात. वेगळी विमानं, वेगळे विमानतळ, छोटी छोटी सोयीची सॉफ्टवेअर्स. यांना म्हणतात ॲड-ऑन. आमच्या भावाने असे सोळा टाकून ठेवले होते. आणि सुरू होताना क्रॅश म्हटलं की पहिला संशय यांच्यावरच घ्यायचा.

आधी सिम्युलेटर ‘सेफ मोड’मध्ये सुरू केला, म्हणजे एकही ॲड-ऑन न घेता. आणि काय सांगू, सुरू झाला! म्हणजे कॉम्प्युटर धडधाकट, सिम्युलेटर धडधाकट, चोर या सोळांपैकी एक. मी उत्साहात पाच-सहा ॲड-ऑन काढायला सांगणार, वर सेटिंगही बदलायला सांगणार, तोच आबांनी ब्रेक मारला.

‘असं नसतं पोरी. वर्कशॉपात नियम होता. एका वेळी एकच बदल. दोन नट एकदम फिरवले, तर गाडी कशाने सुरू झाली ते कळत नाही.’

पॉइंट होता. मग आम्ही निम्मेनिम्मे करत गेलो. आठ ॲड-ऑन बाजूला काढून ठेवले, आठ ठेवले. क्रॅश झाला, म्हणजे चोर ठेवलेल्या आठांत. मग चार, मग दोन, मग एक. चार फेऱ्यांत चोर सापडला! एकेक काढत बसलो असतो तर पंधरा वेळा सुरू करावं लागलं असतं.

चोर कोण निघाला? कुणा हौशी माणसाने बनवून फुकट वाटलेलं लॉगबुक. प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवणारं. कुठून निघालं, कुठे उतरलं, किती वाजता, लँडिंग किती जोरात आदळलं.

‘काढून टाकू,’ मी म्हटलं.

‘ते नको.’

‘अहो आबा, त्याच्यामुळेच तर...’

‘ती माझी लॉगशीट आहे.’

मी गप्प. एसटीच्या ड्रायव्हरकडे रोज लॉगशीट असते. इतकी वर्षं रोज भरली, रोज डेपोत दिली. आणि आता कुणीच मागत नव्हतं.

रात्र तिसरी : गाडी तीच, मग बदललं काय?

तिसऱ्या रात्री फोन मीच केला. आबांनी दिवसभर विचार केला होता.

‘एक सांग. दोन महिने हेच सगळं चालत होतं ना? गाडी तीच, रस्ता तोच. मग बदललं काय?’

‘काहीच नाही.’

‘ड्रायव्हर बदलला ना!’

आता मला ट्यूब पेटली! हॉस्टेलला जाताना भावाने आबांसाठी कॉम्प्युटरवर वेगळं अकाउंट काढून दिलं होतं. आधी आबा भावाच्याच अकाउंटवर उडायचे. म्हटलं, भावाचा पासवर्ड टाका आणि लॉगबुकसकट सुरू करा. सुरू झाला! परत आबांच्या अकाउंटवर. क्रॅश.

आता चोर दाराशी आला होता. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची एक वही असते, कुठलं सॉफ्टवेअर कधी आणि कशामुळे पडलं याची. तिच्यात लॉगबुकचंच नाव होतं. मग सिम्युलेटरची स्वतःची लॉग फाइल उघडली. अशा फाइलमध्ये खालून वर वाचायचं, कारण मरतानाचे शब्द शेवटी असतात. शेवटच्या ओळीत आबांच्या फोल्डरचा पत्ता होता आणि त्यात नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

भावाने प्रेमाने अकाउंटचं नाव मराठीत टाकलं होतं. ‘आबा’. देवनागरीत. विंडोज त्याच नावाचं फोल्डर बनवतं आणि विंडोजला त्यात काहीच अडचण नाही. पण जुन्या पद्धतीने लिहिलेली काही छोटी सॉफ्टवेअर्स फक्त इंग्रजी अक्षरं गृहीत धरतात. लॉगबुक नोंद ठेवायला आबांचं फोल्डर शोधायचं, त्याला ते नाव वाचता यायचं नाही, ते कोसळायचं आणि सोबत अख्ख्या सिम्युलेटरला घेऊन पडायचं.

इलाज दहा मिनिटांचा. इंग्रजी अक्षरांत नवं अकाउंट काढलं, जुन्या नोंदींची फाइल तिकडे कॉपी केली. मग अकाउंटचं दिसणारं नाव बदलून पुन्हा ‘आबा’ केलं. दिसणारं नाव बदललं तरी आतल्या फोल्डरचं नाव इंग्रजीच राहतं. म्हणजे पाटीवर मराठी, दफ्तरात इंग्रजी.

क्लिक. लोगो. लोडिंग. धावपट्टी!

रात्री सव्वाअकराला आबा मुंबईहून शिर्डीला निघाले. मी फोनवर होते. कुठे काय दिसतंय ते सांगत होते. घाट, धरण, मग आमचा सपाट मुलूख. मध्येच म्हणाले, ‘इथं खाली एकदा रात्रभर ब्रेकडाऊन होतो. तू तेव्हा दोन वर्षांची.’ ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. आठवड्यातून एकदा ‘जेवलात का, गोळ्या घेतल्या का’ असा चार मिनिटांचा फोन करणारी मी. त्या तीन रात्रींत आम्ही जेवढं बोललो, तेवढं गेल्या वर्षभरात बोललो नव्हतो.

लँडिंग जरा आदळलं. लॉगबुकात नोंद झाली.

‘उद्या परत करतो,’ आबा म्हणाले.

चौकट : सुरू होताच बंद? हे करून बघा

• आधी एकच प्रश्न : शेवटचं नीट चाललं त्यानंतर काय बदललं? अपडेट, नवं ॲड-ऑन, नवं अकाउंट, नवी जॉयस्टिक... कागदावर लिहा.

• रीस्टार्ट, डिस्कवरची मोकळी जागा, विंडोजचे अपडेट आणि ग्राफिक्स ड्रायव्हर. याच क्रमाने.

• सेफ मोड. त्यात चाललं तर दोष ॲड-ऑनचा. निम्मेनिम्मे करून शोधा.

• जॉयस्टिक आणि इतर यूएसबी उपकरणं काढून एकदा सुरू करा.

• सेटिंगच्या फाइलचं नाव बदला. ‘एफएसएक्स’सारखे सिम्युलेटर नवी कोरी फाइल स्वतःच बनवतात. जुनी फाइल मात्र जपून ठेवा.

• प्रोसेसर, मेमरी किंवा ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केलं असेल तर मूळ वेगावर आणा.

• लॉग वाचा. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर बघा, ‘एक्स-प्लेन’ असेल तर त्याच्या फोल्डरमधली लॉग फाइल बघा.

• इंग्रजी अक्षरांचं नवं अकाउंट काढून त्यावर चालवून बघा.

• अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकणं हा अगदी शेवटचा उपाय. शंभर जीबीच्या पुढचं डाउनलोड असू शकतं आणि दोष दुसरीकडे असेल तर तो तिथेच राहतो.

आणि हो, एका वेळी एकच नट!