मसाल्याच्या पाकिटावरील हिरवे फूल

मसाल्याचा व्यापार करणाऱ्या सोलापूरच्या घरांना मालाचे दोन शत्रू पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत : कीड आणि बुरशी. अलीकडे काही पाकिटांवर वर्तुळातील हिरव्या फुलाचे चिन्ह दिसते आणि ग्राहक दबक्या आवाजात विचारतो, "याला किरण दिले आहेत म्हणे. खाण्यास धोका नाही ना?"

प्रश्न रास्त आहे. मात्र सर्व किरण एका जातीचे नसतात. किरणोत्सर्गी पदार्थातून निघणारा अल्फा कण जड असतो. साधा कागदही त्याला अडवतो. पण तो सोडणारी धूळ श्वासावाटे वा अन्नावाटे शरीरात गेली, तर हाच कण अत्यंत घातक ठरतो. बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. त्याला काही मिलिमीटर अॅल्युमिनियम पुरते. गॅमा हा पदार्थाचा कण नव्हेच. तो प्रकाशाच्या कुळातला, पण कमालीचा भेदक असल्याने त्याला रोखण्यास काँक्रीटच्या जाड भिंती लागतात.

मसाल्यांसाठी नवी मुंबईत वाशी येथे २००० सालापासून असे केंद्र चालते. लासलगावचे केंद्र २००२चे. तेथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरण देतात, आणि २००७ साली तेथूनच आंबा अमेरिकेस गेला. मसाल्यास हजारो ग्रे मात्रा लागते, कांद्यास शंभराहूनही कमी. दोन्हीकडे उगम कोबाल्ट-६० हाच. तो पोलादी नळ्यांत बंद असतो. त्याचा बीटा नळीतच जिरतो, बाहेर येतो तो केवळ गॅमा. माल बंद खोक्यांतच त्याच्यासमोरून फिरतो. कोबाल्टचा कणही त्याला शिवत नाही. शिवाय या गॅमाची ऊर्जा अन्नातील अणूंना किरणोत्सर्गी बनवण्याइतकी नसते. उन्हात वाळवलेली मिरची रात्री उजेड देत नाही, तसेच हे.

या प्रक्रियेत किडीची अंडीही मरतात, हे मात्र लपवू नये. कोठारातील धुरीनेही तेच होते. जिवांचा विचार करणाऱ्या घराने मुळात कीड लागणार नाही अशी कोरडी, स्वच्छ साठवण करणे अधिक श्रेयस्कर.

व्यापाऱ्याने आणखी एक ध्यानी घ्यावे. बुरशीने आधीच सोडलेले विष किरणांनी नाहीसे होत नाही, आणि पाकीट फोडून माल उघड्या पोत्यात ओतला तर कीड पुन्हा लागते. म्हणून खरेदी करताना चिन्हाबरोबर प्रक्रियेची तारीख वाचावी, आणि मिरची नेहमीप्रमाणे हातात घेऊन, मोडून, हुंगूनच पाहावी.