आधी मात्रा, मग टक्केवारी

रक्ताच्या कर्करोगावरच्या नव्या औषधाची पहिल्या टप्प्यातली चाचणी संपली, की बातमीत एकच आकडा ठळक होतो: किती टक्के रुग्णांना गुण आला. या टप्प्याचा मुख्य प्रश्न मात्र तो नसतोच. औषध किती द्यायचं, कोणत्या चालीनं वाढवायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यातून शोधायचं असतं. व्हेनेटोक्लॅक्सचं उदाहरण घ्या. मरायला हवी ती पेशी मरत नाही, यामागे बीसीएल-२ या प्रथिनाचा हात असतो. ते निष्प्रभ करणाऱ्या या गोळीचे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या ११६ रुग्णांवरचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार उलटलेल्या किंवा आधीच्या उपचारांना दाद न दिलेल्या या रुग्णांपैकी ७९ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. पण मला त्यातली दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते. मात्रा वाढवत नेलेल्या पहिल्या ५६ जणांपैकी तिघांत कर्करोगपेशी इतक्या झपाट्यानं फुटल्या, की त्यांतलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड मूत्रपिंडांना झेपेना. एक रुग्ण दगावला. म्हणजे औषध निकामी होतं म्हणून नव्हे, फार जोरात लागू पडलं म्हणून धोका झाला! मग मात्रा चढवण्याची रीत बदलली आणि पुढच्या ६० जणांत हा त्रास उघडपणे कुणालाच झाला नाही. याच आजारात आज २० मिलिग्रॅमपासून आठवड्या-आठवड्यानं ४०० पर्यंत चढतात, ते या शोधाचंच फळ.

मग त्या पहिल्या रुग्णांना प्रयोगाचे उंदीर केलं का? आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून माणसासाठी सुरुवातीची मात्रा अंदाजानंच ठरते. पुढचं माणसातच कळतं. म्हणूनच संमतीपत्रावर सही घेताना ‘तुम्हाला फायदा होईलच असं नाही, आम्ही मात्रा शोधतो आहोत’ हे स्वच्छ शब्दांत सांगायला हवं. ‘नवं औषध’ एवढंच सांगून आशेवर सही घेणं ही फसवणूक ठरेल.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावरच्या इमॅटिनिब या औषधाचा दाखला देऊन कुणी विचारेल, की यशही पहिल्याच टप्प्यात दिसतं ना? दिसलं होतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा मिळालेल्या ५४ पैकी ५३ जणांच्या रक्तपेशींचं प्रमाण पूर्ववत झालं. पण क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं मूळ एकाच बिघडलेल्या जनुकात आहे आणि औषधाचा नेम थेट त्यावरच. असा आजार विरळा. उलट मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या दुसऱ्या कर्करोगात व्हेनेटोक्लॅक्सच्याच सुरुवातीच्या चाचण्यांनी आशा दाखवली होती. पुढे तुलना-गटासह झालेल्या बेलिनी चाचणीत आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, तरीही औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला इशारा द्यावा लागला. तुलनेला दुसरा गटच नसलेल्या पहिल्या टप्प्यात हा फरक दिसणं शक्यच नव्हतं.