जेनेट रेकॉर्ड्स : नदीकाठच्या कारखान्यातला जॅझ

जेनेट रेकॉर्ड्स ही अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील रिचमंड या लहानशा शहरातली ध्वनिमुद्रिकांची कंपनी. तिथल्या स्टार पियानो कंपनीचा हा जोडधंदा होता. व्हाइटवॉटर नदीकाठच्या कारखान्याच्या आवारातच तबकड्या तयार होत आणि १९१७ पासून त्यांच्यावर मालक जेनेट कुटुंबाचे नाव छापले जाऊ लागले.

सुरुवातीलाच पेटंटचा अडसर आला. सुई आडवी हलवून खाच कोरण्याच्या पद्धतीवर बलाढ्य व्हिक्टर कंपनी हक्क सांगत होती. १९१९ मध्ये जेनेटने तीच पद्धत स्वीकारली आणि खटला उभा राहिला. १९२२ मध्ये अपिलातही स्टारचीच सरशी झाली. या निकालाने इतर छोट्या कंपन्यांचाही मार्ग मोकळा झाला.

स्टुडिओ मात्र साधाच होता. भिंतींच्या पोकळीत लाकडाचा भुसा भरलेला असे. शेजारीच रेल्वेचे रूळ असल्याने गाडी आली की काम थांबे. सुरुवातीच्या वर्षांत मायक्रोफोन नव्हता. वादक मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत आणि आवाजाच्या कंपनांनी सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरी. त्या मेणावरून धातूचा साचा निघे आणि साच्यावरून लाखेच्या तबकड्या दाबल्या जात.

एप्रिल १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड इथे आला. तरुण लुई आर्मस्ट्राँगचे हे पहिलेच ध्वनिमुद्रण. त्याच्या कॉर्नेटचा आवाज ऑलिव्हरला झाकून टाकी, म्हणून त्याला कर्ण्यापासून बराच मागे उभे केले होते. मोठ्या ढोलाच्या दणक्याने सुई उडण्याची भीती. म्हणून ढोलवादक बेबी डॉड्सने लाकडी ठोकळ्यांवर ताल धरला. त्याच वर्षी जुलैमध्ये कृष्णवर्णीय पियानोवादक जेली रोल मॉर्टन गोऱ्या वादकांच्या न्यू ऑर्लिन्स ऱ्हिदम किंग्जबरोबर वाजवून गेला. १९२७ मध्ये संगीतकार होगी कारमायकेलची ‘स्टार डस्ट’ ही धून प्रथम इथेच मुद्रित झाली.

मागणीनुसार काम करून देणे हाही कंपनीचा मोठा आधार होता. सिअर्स या दुकानदार कंपनीसाठी वेगळ्या नावांनी तबकड्या निघत. पैसे भरणाऱ्या कोणालाही स्वतःची तबकडी करून मिळे. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेची गाणीही याच कारखान्यात दाबली गेली. ज्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या संगीताने जेनेटचे नाव इतिहासात राहिले, त्यांच्याविरुद्धच्या द्वेषाचा प्रचारही इथूनच बाहेर पडला, हे कटू सत्य या इतिहासातून वगळता येत नाही. मागणीनुसारच्या अशाच कामात, पॅरामाउंट या दुसऱ्या ध्वनिमुद्रिका कंपनीने पाठवलेल्या ब्लूज गायक चार्ली पॅटनची १४ गाणी इथे १४ जून १९२९ या एकाच दिवशी मुद्रित झाली. मिसिसिपीच्या ब्लूजचा तो अनमोल ठेवा आहे.

रेडिओचा प्रसार आणि १९२९ नंतरची मंदी यांत विक्री कोसळली. १९३० मध्ये जेनेट हे नाव बंद झाले, १९३४ अखेर चॅम्पियन ही स्वस्त तबकड्यांची मालिकाही थांबली. २००७ पासून त्या नदीकाठी इथे मुद्रण केलेल्या कलावंतांची स्मृतिचिन्हे तबकड्यांच्या आकारात बसवली आहेत.