पारख आणि परवानगी

सुरतेतील महिधरपुऱ्याचा हिरेबाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तेथील एक रीत ठाऊक असेल. पारखी भिंगाखाली हिरा धरतो, त्यातील दोष नेमका सांगतो. परंतु मालकाने हाती दिल्यावाचून तो पुडी उघडीत नाही. संगणक-सुरक्षेच्या संशोधनाची नीती याहून फारशी निराळी नाही. आज उधना-लिंबायतच्या मराठी घरांतील मुलेही संगणकशास्त्र शिकतात. म्हणून हा विषय घरोघरी बोलला जावा, असे आम्हांस वाटते.

चोर जेथून शिरेल ती फट चोराच्या आधी शोधावयाची, हे या संशोधकाचे काम. दोघांची कृती वरवर सारखीच दिसते; भेद असतो तो हेतूचा, परवानगीचा आणि सापडलेल्या फटीचे पुढे काय केले याचा. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मेन्लो अहवाला’ने चार तत्त्वे सांगितली: व्यक्तीचा आदर, हित साधून हानी टाळणे, न्याय, आणि कायदा व लोकहित यांचा मान.

परंतु ही तत्त्वेच एकमेकांशी भांडू लागली तर? हैदराबादचे अभियंते हरि प्रसाद यांनी २००९ साली मतदानयंत्रांच्या सुरक्षिततेविषयी शंका घेतली; मात्र यंत्र उघडून पूर्ण तपासणी करण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. पुढे २०१० मध्ये एका व्यक्तीने, नाव गुप्त राखण्याच्या अटीवर, त्यांना एक यंत्र दिले. अमेरिकेतील प्राध्यापक ॲलेक्स हॅल्डरमन आदींसह त्यांनी दाखवून दिले की, यंत्र हाती लागल्यास त्यातील भाग बदलून निकाल फिरविता येतो. प्रशासकीय बंदोबस्तामुळे असे घडणे शक्य नाही, ही निवडणूक आयोगाची भूमिका होती. यंत्र मुंबईतील सरकारी ताब्यातून गेलेले होते. ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी हरि प्रसाद यांना अटक केली. देणाऱ्याचे नाव त्यांनी सांगितले नाही. आठवड्याभराने जामीन मिळाला.

विश्वासाने आलेल्याचे नाव राखणे हा व्यक्तीचा आदर. पण यंत्र त्यांचे नव्हते, हेही खरे. आमच्या मते या पेचाचे मूळ आधीच्या नकारात आहे. लोकांचा विश्वास ज्याच्या स्वाधीन आहे, त्याने तपासणीचा राजमार्ग खुला ठेवला पाहिजे. तो बंद केला की आडवाटा पडतात. मतदाराला कागदी पडताळा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी म्हटले, आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ती चिठ्ठी सर्व मतदारसंघांत आली. याचे सारे श्रेय एका संशोधनास देता येणार नाही. पण शंका घेणे म्हणजे द्रोह नव्हे, एवढे त्यावरून दिसते.

तरुणांनी मात्र मुंबईचे उदाहरण पुढे करून वाटेल त्या दाराची कडी वाजवू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ परवानगीवाचून केलेला प्रवेश दोषास्पद मानते. त्यात अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आपल्याच किंवा संमती मिळालेल्या यंत्रणेवर प्रयोग करावा. दोष सिद्ध होण्यापुरतेच पाहावे, परक्याची माहिती उतरवून घेऊ नये. प्रथम मालकास किंवा ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेस कळवावे, दुरुस्तीस अवधी द्यावा. मौनाचे मोल मागू नये. आणि मालकांनीही, फट दाखविणाऱ्यालाच चोर ठरविण्याची घाई करू नये.